टोमॅटोच्या वाणाची निवड : येत्या हंगामासाठी काही विचार

टोमॅटोचे पीक हल्ली बागायतदाराच्या घरी धन आणणारे आणि त्याच घरचे धन नेणारेही झाले आहे. एका वर्षी ह्या फळावर सोसायटीचे कर्ज फिटते, तर दुसऱ्या वर्षी तोडणीची मजुरी देखील पदरची घालावी लागते. हा चढउतार दैवाधीन आहे असे मानून पुष्कळ शेतकरी बियाण्याच्या दुकानी जातात, दुकानदार जी पुडी पुढे करील ती घेतात, आणि शेजाऱ्याने जे लावले तेच लावून मोकळे होतात. भाव आपल्या हाती नाही हे खरे. परंतु कोणते वाण, किती रानात आणि कोणत्या तारखेस लावावयाचे हे पूर्णपणे आपल्या हाती आहे. जे हाती आहे त्याचा तरी नीट विचार व्हावा, एवढ्याच हेतूने खरिपाच्या लावणीपूर्वी हे चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो आहो. कोणत्या गटात कोणते पीक किती क्षेत्रावर आहे हे लिहिण्यात आमची वर्षे गेली. आता वास्तव्य नवी मुंबईत असल्यामुळे तेच पीक बाजारात कोणत्या अवस्थेत येऊन पडते हे पाहाण्याचा योग वरचेवर येतो. मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीची स्थापना १९७७ साली झाली. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली व फळे-भाजीपाल्याचा बाजार १९९६ साली मुंबई शहरातून तुर्भ्यास आला. लोक त्यास वाशीचा बाजार म्हणतात. जुन्नर, संगमनेर, नाशिक, सातारा ह्या बाजूंचा टोमॅटो येथे रात्री गाडीने येतो व दिवस वर येण्यापूर्वी बहुतेक विकला जातो. खरेदीदार कॅरेटात हात खालपर्यंत घालतो, तळचे फळ वर काढतो, अंगठ्याने दाबून पाहातो आणि मग भाव बोलतो. शेतात सुंदर दिसणारे फळ तळाशी चेपलेले निघाले तर साऱ्या कॅरेटाचा भाव त्यावरून ठरतो.

ह्यावरून आमचे मत असे झाले आहे की वाणाची निवड शेवटाकडून सुरू करावी. आधी विक्रीची तारीख, नंतर विक्रीचे ठिकाण, त्यानंतर आपल्या रानातील रोग, आणि ह्या तिन्हींचा निर्णय झाल्यावर बियाण्याचे नाव. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलट असतो.

मागच्या भावावर भिस्त ठेवू नये

२०२३ सालची हकीगत सर्वांच्या स्मरणात आहे. त्या उन्हाळ्यात भाव पडल्यामुळे लावण कमी झाली होती. त्यात उष्णता, पाऊस व विषाणूरोग ह्यांची भर पडली. जुलै महिन्यात देशातील कित्येक शहरांत किरकोळ भाव किलोस १०० रुपयांच्या वर गेला व काही ठिकाणी त्याने २०० ची मर्यादाही ओलांडली. केंद्र सरकारने १४ जुलैपासून सहकारी संस्थांमार्फत किलोस ९० रुपये दराने विक्री मांडली, पुढे तो दर ८० व ७० वर आणला, आणि ऑगस्टात नेपाळातून माल आणण्याचे जाहीर केले. घाऊक बाजारात २० किलोच्या कॅरेटास २,००० रुपयांपर्यंत भाव मिळाला. जुन्नर तालुक्यातील काही शेतकऱ्यांच्या मिळकतीच्या वार्ता वर्तमानपत्रांत छापून आल्या आणि त्या वाचून गावोगाव रोपांची शोधाशोध सुरू झाली.

सप्टेंबर महिन्यात नाशिक जिल्ह्यातील बाजारांत तेच कॅरेट ९० रुपयांच्या आसपास आले, म्हणजे किलोस साडेचार रुपये. हे काही अघटित नव्हते. तयार रोप लावल्यापासून पहिली तोडणी साठ ते सत्तर दिवसांनी येते. जुलैचा भाव ऐकून जुलैत लावलेले रोप सप्टेंबरातच फळास येणार, आणि ज्यांनी ज्यांनी तो भाव ऐकला त्या सर्वांचे एकदमच येणार. त्यापूर्वी ऑगस्ट २०२१ मध्येही नाशिक व औरंगाबाद जिल्ह्यांत किलोस दोन-तीन रुपये भाव झाल्यामुळे शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला होता.

ह्यातून घ्यावयाचा धडा असा की टोमॅटोचे क्षेत्र भावाप्रमाणे वाढवू-घटवू नये. जो शेतकरी दरवर्षी आपल्या पाण्यास व मनुष्यबळास झेपेल असे ठराविक क्षेत्र लावतो, त्यास तेजीचे वर्षही सापडते व मंदीचेही, आणि एकाची भरपाई दुसऱ्याने होते. तेजी संपताना जो शिरतो आणि मंदी संपताना जो बाहेर पडतो, त्याच्या वाट्यास फक्त मंदीच येते.

तारीख मागे मोजावी

वाफ्यात किंवा ट्रेमध्ये रोप तयार होण्यास २१ ते २५ दिवस लागतात. लावणीनंतर साठ ते सत्तर दिवसांनी तोडा सुरू होतो व पुढे दीड-दोन महिने चालतो. समजा, पहिला तोडा १ ऑक्टोबरच्या सुमारास यावा अशी इच्छा आहे. पासष्ट दिवस मागे गेल्यास लावणीची तारीख २८ जुलै येते, आणि आणखी चोवीस दिवस मागे गेल्यास बी टाकण्याची तारीख ४ जुलै येते. हा हिशेब पंचांगाशेजारी लिहून ठेवावा. दसरा-दिवाळीचा बाजार धरावयाचा म्हणून ऑगस्टच्या अखेरीस जो लावणी करतो, तो दिवाळी उलटल्यावर बाजारात येतो.

ह्याच ठिकाणी वाणाचा पहिला प्रश्न उपस्थित होतो. टोमॅटोची झाडे दोन प्रकृतींची असतात. काही वाणांचे झाड झुडपासारखे वाढून ठराविक उंचीवर थांबते व त्याची फळे थोड्या दिवसांत एकदम पिकतात. दुसऱ्या प्रकारचे झाड वेलासारखे वाढतच राहाते. त्यास बांबू, तार व सुतळी ह्यांचा आधार द्यावा लागतो, परंतु त्याचे तोडे पुष्कळ दिवस चालतात. ज्यास एखादा ठराविक पंधरवडा साधावयाचा आहे, अथवा पुढील पिकासाठी रान लौकर मोकळे करावयाचे आहे, त्याने पहिल्या प्रकाराचा विचार करावा. ज्यास भावाच्या चढउतारातून सरासरी साधावयाची आहे व ज्याजवळ आधाराचे सामान आहे, त्यास दुसरा प्रकार सोयीचा.

हंगामाप्रमाणे वाणाकडून अपेक्षाही बदलतात. खरिपात करपा व फळे तडकणे हे दोन शत्रू असतात. म्हणून पाल्याने फळ झाकणारे, सालीने जाड आणि करप्यास दाद न देणारे वाण हवे. उन्हाळ्यात दिवसाचे मान ३५ अंशांपुढे गेले व रात्र उबदार राहिली म्हणजे फूल गळते; तेव्हा उष्णतेत फळ धरणारेच वाण लावले पाहिजे. शिवाय फळास लाल रंग देणारे लायकोपिन नावाचे द्रव्य ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही, त्यामुळे उन्हाळी फळ पिवळट-नारंगी राहाते. हिवाळ्यात तडकलेल्या रंगाने भुरळ घालणारे वाण उन्हाळ्यात फिके निघाले, तर तो बियाण्याचा दोष असेलच असे नाही. मागील हंगामात शेजाऱ्याकडे चांगले आलेले वाण ह्या हंगामात आपल्याकडे तसेच येईल असे धरून चालू नये ते ह्याच कारणास्तव.

माल किती दूर जाणार

घराजवळच्या आठवडे बाजारात विकावयाचे फळ आणि घाट उतरून वाशीस जावयाचे फळ ही दोन निराळी पिके आहेत असे समजावे. जवळच्या विक्रीस पातळ सालीचे, रसाळ, आंबट-गोड फळ चालते, किंबहुना गिऱ्हाईक तेच मागते. दूरच्या विक्रीस साल जाड, गर घट्ट, आतील कप्पे लहान व आकार एकसारखा असे फळ लागते. ऐंशी ते शंभर ग्रॅमचे, गोल किंवा किंचित उभट, देठाजवळ हिरवा डाग न राहाणारे फळ वाशीस सहज उठते. बारीक फळ गोल्टीत जाते व तिचा भाव वेगळा लागतो.

तोडणीची अवस्थाही अंतरावर ठरते. दूर पाठवावयाचे फळ हिरवेपणा जाऊन खालच्या टोकास पिवळट-गुलाबी छटा येताच तोडावे. मध्यम अंतरास अर्धे लाल झालेले, स्थानिक विक्रीस पूर्ण लाल पण कडक, आणि कारखान्यास झाडावर पूर्ण पिकलेले फळ द्यावे. वाण निवडतानाच हे पाहिले पाहिजे की ते लौकर तोडल्यावर वाटेत नीट लाल होते की नुसतेच मऊ पडते. काही वाणांची फळे झाडावर सुरेख रंगतात, परंतु कच्ची तोडल्यास रंगाऐवजी सुरकुत्या धरतात.

उत्पन्नाच्या आकड्याने भुलू नये, ह्याचा एक हिशेब येथे मांडतो. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, पहिल्या वाणाची एकरी १,५०० कॅरेट निघाली, पण साल नाजूक असल्याने शेकडा वीस माल वाटेत गेला. म्हणजे विकला गेलेला माल १,२०० कॅरेट. दुसऱ्या वाणाची १,३०० कॅरेट निघाली व शेकडा पाचच गेला. विकला गेला १,२३५ कॅरेट. भाव दोन्हींस २०० रुपये, आणि तोडणी, भाडे, हमाली मिळून कॅरेटास ६० रुपये धरू. पहिल्याची विक्री २,४०,००० रुपये, त्यातून १,५०० कॅरेटांचा खर्च ९०,००० वजा जाता उरले १,५०,०००. दुसऱ्याची विक्री २,४७,०००, खर्च ७८,००० वजा जाता उरले १,६९,०००. दोनशे कॅरेटे कमी पिकवून दुसऱ्याने १९,००० रुपये अधिक मिळविले. नासलेल्या फळाचे देखील भाडे द्यावे लागते, हे पुडीवरील चित्रात दिसत नाही. आणि नाजूक मालाला दुसऱ्या मालाएवढा भाव मिळेल हे आम्ही पहिल्याच्या बाजूने धरले आहे. प्रत्यक्षात तोही मिळणार नाही.

काही वाणांची ओळख

आपल्या देशात टोमॅटो दक्षिण अमेरिकेतून युरोपियन लोकांच्या हाताने आला. आपल्या काही जिल्ह्यांत त्यास अजून 'भेदरे' म्हणतात. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने 'पुसा रुबी' हे वाण सायू व इम्प्रूव्हड मेरुती ह्या दोहोंच्या संकरातून काढले. ते पुष्कळ वर्षे घरोघरी होते. फळ लौकर येणारे, चपटे, किंचित रेषा असलेले, चवीस चांगले. परंतु साल पातळ. परसबागेस व जवळच्या बाजारास ते आजही योग्य आहे, दूरच्या गाडीस नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने 'धनश्री', 'भाग्यश्री', 'राजश्री' व 'फुले राजा' ही वाणे दिली आहेत. पैकी पहिली दोन सरळ वाणे असून 'राजश्री' व 'फुले राजा' ही संकरित आहेत. 'धनश्री'चे फळ मध्यम, गोल व नारंगी-लाल असते. 'भाग्यश्री'त लायकोपिन व गर अधिक आणि बिया कमी, म्हणून ते प्रक्रियेस विशेष उपयुक्त. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का रक्षक' हे संकरित वाण पानांचा बोकड्या, जिवाणूजन्य मर व लौकर येणारा करपा ह्या तिन्ही रोगांस प्रतिकार करते. फळ ९० ते १०० ग्रॅमचे व घट्ट असते. त्याच संस्थेच्या 'अर्का अभेद' ह्या वाणात ह्यांखेरीज उशिरा येणाऱ्या करप्यासही प्रतिकार आहे. खाजगी कंपन्यांच्या संकरित वाणांची गणतीच नाही. १९७३ साली 'कर्नाटक' नावाचे संकरित वाण बाजारात आले तेव्हापासून 'वैशाली', 'रूपाली' वगैरे नावे येत व जात राहिली आहेत. नावे दर चार-पाच वर्षांनी पालटतात; म्हणून नावापेक्षा गुण ओळखण्याची सवय ठेवणे अधिक हिताचे.

सरळ वाणाचे बी आपण निवडक फळांतून धरून पुढील वर्षी वापरू शकतो. संकरित वाणाचे बी दरवर्षी विकतच घ्यावे लागते, कारण त्याच्या फळातील बियांतून येणारी झाडे एकसारखी निघत नाहीत. कोणी आजाच्या वळणावर जाते, कोणी आजीच्या. घरचे धरलेले संकरित बी लावून अर्धे रान गोल्टीचे करून घेण्यात काटकसर नाही. पाच फुटांची सरी व दीड फुटाचे अंतर धरल्यास एकरी सुमारे ५,८०० रोपे बसतात. एका ग्रॅमात साधारण ३०० बिया येतात. ट्रेमध्ये रोप केल्यास एकरास २५ ग्रॅमच्या आसपास बी पुरते. बांबू, तार, सुतळी, खते व मजुरी ह्यांच्या मानाने हा खर्च लहान आहे. तेव्हा बियाण्यात कंजूषी करू नये. परंतु महाग तेच चांगले असेही मानू नये.

रोगाचा विचार

२०२० सालच्या उन्हाळ्यात जुन्नर, संगमनेर, अकोले ह्या बाजूंस फळे एकसारखी न रंगता हिरव्या, पिवळ्या व लाल पट्ट्यांची होऊ लागली. शेतकऱ्यांनी त्यास 'तिरंगा' असे नाव दिले. पुष्कळांनी प्रथम बियाण्यास दोष दिला. बंगळूरच्या संस्थेत नमुने तपासले तेव्हा एकाहून अधिक विषाणू आढळले. त्यांत काकडीवरील मोझॅकचा व टोमॅटो क्लोरोसिसचा हे प्रमुख होते. पहिला मावा नावाच्या किडीमुळे पसरतो, दुसरा पांढऱ्या माशीमुळे. पानांचा बोकड्याही पांढऱ्या माशीचाच, आणि शेंडा करपून झाड मारणारा विषाणू फुलकिड्यांचा. म्हणजे किडी तीन आणि त्यांनी वाहून आणलेले रोग अनेक.

येथे वाणाची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. पुडीवर 'रोगप्रतिकारक' हा शब्द वाचून शेतकरी निर्धास्त होतो. कोणत्या रोगास, हे विचारल्यावाचून त्या शब्दास अर्थ नाही. बोकड्यास न जुमानणारे वाण फुलकिड्यांच्या रोगास बळी पडू शकते. २०१४ साली महाराष्ट्रात प्रथम आढळलेली दक्षिण अमेरिकेची नागअळी तर कोणत्याच नावाची भीड धरीत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावावे व पोखरलेली फळे रानाबाहेर नेऊन पुरावी.

ह्यास्तव प्रत्येकाने आधी आपल्या रानाचा रोग ओळखावा. हिरवेगार झाड एकाएकी माना टाकत असेल तर खोड बुडाशी तिरपे कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरावे. थोड्या वेळात कापलेल्या भागातून दुधासारखी धार खाली उतरली तर ती जिवाणूजन्य मर होय. अशा रानात मर-प्रतिकारक वाण किंवा वांग्याच्या खुंटावर कलम केलेले रोप ह्यांवाचून टोमॅटो लावण्यात अर्थ नाही. वांगी, मिरची, बटाटा ह्यांच्या बेवडावर तर मुळीच लावू नये. खरिपात ढगाळ हवा व गारवा एकत्र आले की उशिरा येणारा करपा चार-पाच दिवसांत प्लॉट जाळतो. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याचे पीक नेऊन ज्या बुरशीने दुष्काळ पाडला, तीच ही. तेव्हा टोमॅटोशेजारी बटाटा नसावा.

नवीन वाणाची परीक्षा स्वतःच्या रानात करावी हा सर्वांत खात्रीचा मार्ग. पहिल्या वर्षी दोनच ओळी लावाव्या, कडेस न लावता प्लॉटच्या मध्ये लावाव्या, आणि त्यांचे फळ वेगळ्या कॅरेटात भरून वेगळी पट्टी मागावी. दोन ओळींचे नुकसान सोसवते. दोन एकरांचे सोसवत नाही.

एका एकराची विभागणी

ज्याचे टोमॅटोचे रान एक एकर आहे त्याने चाळीस गुंठ्यांचे तीन भाग पाडावे व पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावावे. दोन भागांत पूर्वी आजमावलेले वाण व एका भागात दुसरे, अशी वाटणी करावी. ह्याने एखाद्या आठवड्याची मंदी साऱ्या पिकावर येत नाही आणि तोडणीचे मजूरही पुरतात. मात्र एक सावधगिरी घ्यावी : जुन्या भागातील पांढरी माशी नव्या कोवळ्या भागावर उतरते. म्हणून उशिराचा भाग वाऱ्याच्या वरच्या अंगास ठेवावा, मध्ये मक्याच्या दोन-तीन दाट ओळी असाव्या, आणि तोडे संपलेला भाग उभा न ठेवता लागलीच काढून नष्ट करावा.

ज्यांच्या जवळपास प्रक्रियेचा कारखाना आहे त्यांनी एक हिस्सा प्रक्रियेच्या वाणास द्यावा किंवा कसे, ह्याचा विचार करावा. नाशिक जिल्ह्यात मोहाडी येथे सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी टोमॅटोवर प्रक्रिया करते. कराराचा भाव तेजीच्या भावाहून कमी असतो, परंतु तो आधी ठाऊक असतो. तेजी येताच करार मोडून माल बाजारात नेणारा शेतकरी पुढील मंदीत कोणाच्या दारी जाणार, हे त्याने आधी मनाशी ठरवावे.

कोकणच्या बाजूची गोष्ट

नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली व ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन त्या योजनेत आली. जेथे खाचरे व मिठागरे होती तेथे आता वसाहती व गाळे आहेत. तरी पनवेल, खालापूर, कर्जत, पेण ह्या भागांत भाताची शेती उरली आहे, आणि भात कापल्यावर ज्यांस पाणी आहे त्यांनी थोड्या रानात टोमॅटो करून पाहावयास हरकत नाही. पावसाळ्यात मात्र कोकणात उघड्या रानावर ह्या पिकाच्या नादी लागू नये. नोव्हेंबरात लावल्यास जानेवारी-फेब्रुवारीत फळ येते. त्या काळी भाव सहसा मंद असतो. पण घाटावरच्या शेतकऱ्यास जे भाडे पडते ते ह्यांस पडत नाही, आणि फळ झाडावर लाल करून त्याच दिवशी विकता येते. तेव्हा ह्यांनी दूरच्या प्रवासासाठी निपजविलेले कठीण सालीचे वाण मुद्दाम घेण्याचे कारण नाही. चवीचे फळ घ्यावे आणि वसाहतींच्या दारी विकावे. कोकणच्या आंबट तांबड्या मातीत मर रोग फार, म्हणून मर-प्रतिकार ही येथील पहिली अट समजावी.

कागद जपावे

शेवटी आमच्या जुन्या धंद्याची चार वाक्ये. बियाण्याच्या पुडीवरील चिठ्ठीत लॉट क्रमांक, तपासणीची तारीख, मुदत व उगवणीचे शेकडा प्रमाण असते. टोमॅटोस हे प्रमाण निदान ७० असावे असे शासकीय मानक आहे. पुडी, चिठ्ठी व पक्की पावती ही तिन्ही पीक निघेपर्यंत जपून ठेवावी. थोडे बीही पुडीत शिल्लक ठेवावे. रोपवाटिकेतून रोपे घेतल्यास पावतीवर वाणाचे नाव व लॉट क्रमांक लिहून मागावा. बियाणे दोषी निघाल्यास शेतकरी हा ग्राहकच आहे व तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आहे. परंतु कागदावाचून तो निर्णय कोणाच्या उपयोगी पडत नाही. तक्रार करावयाची ती पीक उभे असतानाच तालुका कृषि अधिकाऱ्याकडे लेखी करावी, म्हणजे पाहाणी होऊन पंचनामा होतो.

ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. टोमॅटोची लावण झाल्यावर तिची नोंद मुदतीत करावी. गारपीट किंवा अतिवृष्टी झाल्यावर सात-बारावर पीकच नाही म्हणून हात चोळीत बसण्याची पाळी कित्येकांवर आलेली आम्ही कारकुनीत पाहिली आहे. तसेच जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला व अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. सबब पट्टी हाती पडताच नुसती शेवटची रक्कम न पाहाता वजन, भाव, हमाली, तोलाई व भाडे ही कलमे एकेक तपासावी, आणि अडत कापलेली दिसल्यास तेथेच विचारावे.

ह्या पट्ट्या फेकून देऊ नयेत. एका वहीत वाणाचे नाव, लावणीची तारीख, पहिल्या तोड्याची तारीख, कॅरेटांची संख्या, पैकी एक नंबर किती व गोल्टी किती, आणि हाती आलेली निव्वळ रक्कम अशी सहा घरे आखावी. तीन वर्षे ही वही चालविल्यास चौथ्या वर्षी बियाण्याच्या दुकानी काय मागावयाचे हे दुकानदारास विचारावे लागणार नाही. ज्या वाचकांनी अशी वही ठेविली असेल त्यांनी आपल्या गावचे, आपल्या हंगामाचे आकडे ह्या मासिकाकडे अवश्य पाठवावे. एकाच्या रानातील खरा आकडा दुसऱ्या दहा जणांचा एक हंगाम वाचवू शकतो.